ज्वारी कशावर दळली?

पिठाच्या गिरणीत डबा ठेवताना एक प्रश्न हमखास विचारला जातो: आधी काय दळलंय? बाजरीवर गहू दळला तर पोळ्या काळपट होतात, म्हणून गव्हाचा डबा आणणारा 'गव्हावरच दळा' असं बजावून जातो. जात्याच्या दगडांत, जाळीत आणि पीठ खाली सोडणाऱ्या कापडी नळीत आधीच्या धान्याचं पीठ उरतं, हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे. सीलिॲक आजाराचं निदान झालेल्या माणसाला हीच माहिती उलट्या बाजूने कामाला लावावी लागते. गहू, जव बंद; ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालेल, असं डॉक्टर सांगतात. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि ताटात पोळीच्या जागी भाकरी येते. हा सल्ला बरोबर आहे, पण तो निम्मा आहे. ग्लूटेनमुक्त आहारात धान्याच्या नावाला जितकं महत्त्व, तितकंच ते कोणत्या वाटेने ताटात आलं याला आहे, असं माझं म्हणणं आहे.

त्यासाठी आधी आजार समजून घ्यायला हवा. ग्लूटेन हे गहू आणि जव यांतलं प्रथिन. त्यात प्रोलिन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्लं इतकी दाटीने असतात की आपले पाचकरस त्याचे पुरते तुकडे करू शकत नाहीत. न पचलेले तुकडे लहान आतड्याच्या अस्तरात शिरतात. तिथलं ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं विकर त्यांच्यात थोडा बदल करतं आणि एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं असलेल्या काही माणसांत रोगप्रतिकार यंत्रणा त्यांना शत्रू समजते. या लढाईत नुकसान होतं ते स्वतःच्याच आतड्याचं. अन्नरस शोषणारे बोटांसारखे अंकुर झिजून सपाट होतात. मग लोह, कॅल्शियम, फोलेट पोटात जाऊनही अंगी लागत नाही. म्हणून कुणाला जुलाब होतात, तर कुणाचा रक्तक्षय गोळ्या घेऊनही हटत नाही, कुणा मुलाची उंची खुंटते, कुणाची हाडं ठिसूळ होतात. हे सगळं गव्हापाशी येऊन थांबतं, हे विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने दाखवलं. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि डिके यांचा गव्हावरचा आधीपासूनचा संशय बळावला. १९५०च्या प्रबंधात त्यांनी तो पुराव्यानिशी मांडला.

आता प्रश्न प्रमाणाचा. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पथ्यावर असलेल्या रुग्णांना तीन महिने रोज ठरावीक ग्लूटेन दिलं. रोजच्या ५० मिलिग्रॅमनेही आतड्याचे अंकुर खालावले. गव्हाच्या पिठात साधारण नऊ-दहा टक्के ग्लूटेन धरलं, तर ५० मिलिग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम पीठ, एका पोळीचा जेमतेम पन्नासावा भाग. पोळी लाटताना पोळपाटावर भुरभुरतो ती पिठीसुद्धा याहून जास्त असते. 'ग्लूटेनमुक्त' लिहिण्यासाठी आंतरराष्ट्रीय आणि भारतीय मानकांची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात गव्हाचं सुमारे ०.२ ग्रॅम पीठ, एक बारीक चिमूट. दिवसभर गहू दळणाऱ्या जात्यात आणि नळीत चिमटीहून कितीतरी जास्त पीठ अडकलेलं असतं. निसर्गतः निर्दोष असलेली ज्वारी अशी गिरणीत बिघडते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: थोडं पोटात गेलं तरी काही त्रास होत नाही, मग एवढी काटेकोरी कशाला? पण जाणवणारा त्रास आणि आतड्याची इजा यांचा मेळ नेहमी बसत नाही. पोट शांत असतानाही अंकुर झिजत राहू शकतात. दुसरा आक्षेप: खमंग भाजलं, तळलं की दोष जातो. जंतू उष्णतेने मरतात, ग्लूटेन जंतू नव्हे. ज्या तेलात गव्हाच्या पुऱ्या तळल्या त्यात साबुदाणावडा तळला, तर तो वडाही संशयास्पद ठरतो. तिसरा: खपली गहू जुना, देशी, पचायला हलका, तो तरी चालेल. खपलीही गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. इतरांनी तो आवडीने खावा. सीलिॲकच्या रुग्णाने मुळीच नाही.

गहू सगळ्यांनाच वाईट, तेव्हा सर्वांनीच सोडावा, असं म्हणणारेही भेटतात. पुरावा याला दुजोरा देत नाही. भारतातल्या तीन भागांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. उत्तरेत सीलिॲकचं प्रमाण १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळलं. संबंधित जनुकं मात्र तिन्हीकडे तीसएक टक्के किंवा त्याहून अधिक लोकांत होती. फरक गव्हाच्या खाण्यात होता, उत्तरेत गहू कित्येक पट जास्त खाल्ला जात होता. जनुक असलेल्यांपैकीही बहुतेकांना आजार होत नाही. आणि आजाराचा संशय आला तरी तपासणीआधी गहू सोडू नये. तो सोडला की रक्तातली प्रतिपिंडं घटतात, आतडं सावरू लागतं आणि खरा रुग्णही चाचणीत निरोगी दिसतो. निदान झालं, तर आईवडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करावी, कारण त्यांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो: सामान्य घराला हे झेपेल का? या आजारावर आज पथ्याखेरीज मान्यताप्राप्त औषध नाही आणि पथ्य जन्मभराचं आहे. तरी ते आवाक्यातलं आहे. अख्खं धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरच्या छोट्या चक्कीत किंवा गहू न दळणाऱ्या जात्यावर दळावं. परात, पोळपाट, तवा वेगळा ठेवावा. पूड हिंगाच्या डबीवरची घटकांची यादी वाचावी, कारण त्यात पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं आणि फोडणी रोजची असते. भाजणीत गहू घातला आहे का, हे विचारावं. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा, म्हणजे गव्हाचाच. तो नाकारणाऱ्या मुलाला आग्रह करू नये, त्याच्यासाठी केळं ठेवावं. यातलं काहीच आपल्या घरांना परकं नाही. एकादशीला साबुदाणा आणि भगर शिजवताना कोणता डबा, कोणता चमचा चालेल हे आपण चोख पाळतो. तीच शिस्त एका माणसासाठी रोज पाळायची आहे. त्याची सुरुवात गिरणीच्या दारात होते: ज्वारीचा डबा पुढे करताना 'कशावर दळणार?' हे विचारायचं, आणि उत्तर 'गव्हावर' असेल तर डबा परत उचलायचा.