ऐकून घेणारं माणूस शाळेत हवं

बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांमध्ये काही वर्षांपूर्वी एक मोठा प्रयोग झाला. नववीतल्या मुलामुलींचं मानसिक आरोग्य राखण्यासाठी शाळा नेमकं काय करू शकते, हे त्यातून तपासायचं होतं. गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेनं तो हाती घेतला होता. सचिन शिंदे, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये मांडले. आपल्याकडच्या प्रत्येक शाळेनं ते वाचायला हवेत.

प्रयोगाचं नाव ‘सेहर’. शाळांचे सोडतीनं तीन गट केले. पहिल्या गटात सरकारचा नेहमीचा जीवनकौशल्यांचा कार्यक्रम तेवढा चालू राहिला. दुसऱ्या गटात त्याच्या जोडीला ‘सेहर’चे उपक्रम आले आणि ते राबवण्याचं प्रशिक्षण शाळेतल्याच एका शिक्षकाला दिलं. तिसऱ्या गटात उपक्रम तेच, पण त्यांच्यासाठी प्रत्येक शाळेत एक स्वतंत्र माणूस नेमला. हा ‘सेहर मित्र’ मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. तो या कामापुरतं प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक होता.

उपक्रम साधेच होते. परिपाठाच्या वेळी एखाद्या विषयावर बोलायचं, भित्तिपत्रक चालवायचं, विद्यार्थ्यांचे गट बांधायचे, शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांची समिती चालवायची. शाळेत एक पेटी ठेवलेली असे. मनात सलणारी गोष्ट चिठ्ठीवर लिहायची, नाव घालायची सक्ती नाही, आणि घडी घालून पेटीत टाकायची. ज्याला एकट्यानं बोलायचं असेल त्याच्यासाठी वेगळा वेळ होता.

वर्षअखेरीस मुलांना विचारलं गेलं: शाळा आपली वाटते का, शिक्षक आधार देतात का, कुणी छळतं का? नैराश्य मोजण्यासाठी नऊ प्रश्नांची जगभर वापरली जाणारी प्रश्नावली होती. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? झोप बिघडली का? लक्ष लागत नाही का? उत्तराला शून्य ते तीन गुण.

ज्या शाळांत ‘मित्र’ होता, तिथलं वातावरण स्पष्टपणे सुधारलं होतं. नैराश्याची लक्षणं कमी झाली होती, दादागिरी आणि मारामारीही घटली होती. दुसऱ्या वर्षी हा फरक आणखी वाढला. शिक्षकांनी तेच उपक्रम राबवलेल्या शाळांत मात्र सांगण्यासारखा फरक दिसला नाही.

यात शिक्षकांचा दोष शोधू नये. अभ्यासक्रम, परीक्षा, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं हे सगळं सांभाळून त्यांना हे करायचं असतं. त्याहून अवघड अडचण नात्यातली आहे. गृहपाठ केला नाही म्हणून सकाळी उभं करणारे सर दुपारी ‘मनातलं सांग’ म्हणाले, तर चौदा वर्षांचं मूल सांगेल कसं? ज्याच्या हातात गुण आणि शिक्षा नाहीत, अशा माणसापुढे बोलणं सोपं जातं.

शाळेच्या वातावरणाचा मनावर एवढा परिणाम का व्हावा? पौगंडावस्थेत मेंदूचे सगळे भाग एका चालीनं वाढत नाहीत. भावना आणि बक्षिसाची ओढ यांच्याशी निगडित भाग लवकर जोर धरतात. आवर घालणारा, पुढचा विचार करणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. बरोबरीच्या मुलांचं मत याच वयात जिवाला लागतं. वर्गात चारचौघांत झालेला अपमान मोठ्यांना किरकोळ वाटला, तरी मुलाची त्या रात्रीची झोप उडते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात १९२ अभ्यास एकत्र तपासले होते. मानसिक आजार झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांचा आजार चौदाव्या वर्षाच्या आत सुरू झाला होता, जवळपास निम्म्यांचा अठराव्याच्या आत. म्हणजे त्रास सुरू होतो तेव्हा मूल बहुधा शाळेतच असतं.

दिल्लीतल्या सरकारी शाळांत ‘संगत’नं पुढचं पाऊल टाकलं. तिथे समुपदेशक मुलांना तीन पायऱ्या शिकवत: अडचण नेमकी ओळखायची, पर्याय शोधायचे, एक करून बघायचा. समजा, एखादी मुलगी म्हणते, ‘मला शाळेतच यायचं नाही.’ बोलता बोलता कळतं, की रिक्षात शेजारी बसणारी मुलं तिला चिडवतात. मग जागा बदलायची, मैत्रिणीबरोबर यायचं की घरी सांगायचं, हे तीच ठरवते. पुढच्या भेटीत काय झालं ते दोघं मिळून पाहतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नुसत्या पुस्तिका मिळालेल्या मुलांपेक्षा अशी सोबत मिळालेल्यांच्या अडचणी जास्त हलक्या झाल्या. मानसिक लक्षणांत मात्र सहा आठवड्यांनी ठळक फरक नव्हता. म्हणून ज्यांचा त्रास खोल आहे, त्यांना डॉक्टरांपर्यंत पोचवणं हाही या कामाचाच भाग आहे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. त्या हिशेबानं साठ मुलांच्या वर्गात अशी चार मुलं निघतील. २०२० पासून केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून तयार करायचं ठरलं. हेतू चांगला आहे, पण नालंदाचा धडा सांगतो, की केवळ त्यांच्यावर विसंबून भागणार नाही.

घरीही करण्यासारखं बरंच आहे. मूल दोन आठवड्यांहून जास्त काळ गप्प गप्प असेल, सतत चिडत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, खेळ आणि मित्र सुटले असतील, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देऊ नये. जीव द्यावासा वाटतो का, असं थेट विचारायला कचरू नये. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मुलाला बोलायची वाट मिळते. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो, मुलांसाठी १०९८ आहे.

शाळा निवडताना आपण निकाल, मैदान, संगणक कक्ष पाहतो. पालकसभेत आणखी एक प्रश्न विचारायला हवा: आमच्या मुलांचं ऐकून घेणं हेच ज्याचं काम आहे, असं माणूस इथे कोण आहे? उत्तर मिळेपर्यंत तो विचारत राहायला हवा, आणि सरकारी शाळांसाठी तो शिक्षण खात्यालाही विचारायला हवा.