‘क्लासिकल’वर ख्याल का ऐकू नये

व्हीएलसी प्लेअरचा इक्वलायझर उघडला की अठरा तयार प्रीसेटची यादी येते. फ्लॅट, क्लासिकल, क्लब, डान्स, पार्टी, रॉक, टेक्नो... १९९७ साली आलेल्या विनॅम्पचा जमाना ज्यांनी पाहिलाय, त्यांना ही नावं ओळखीची वाटतील. यादीत स्का आहे, रेगे आहे. ख्याल नाही, लावणी नाही, भावगीतही नाही. मग आपल्याकडचा श्रोता काय करतो? किशोरीताई आमोणकरांचा भूप लावतो आणि ‘क्लासिकल’ निवडतो. पहिला गैरसमज इथेच.

गैरसमज : संगीताचा प्रकार निवडला की आवाज त्या प्रकाराला साजेसा होतो.

प्रीसेट म्हणजे फक्त दहा आकडे. ६० हर्ट्झच्या खर्जापासून १६ हजार हर्ट्झच्या टोकापर्यंत दहा ठिकाणी आवाज किती डेसिबल वाढवायचा किंवा उतरवायचा, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. प्लेअरला ना राग कळतो, ना तुमच्या कानातला इयरफोन कोणता ते. व्हीएलसीच्या ‘क्लासिकल’चे आकडे पाहा. पहिल्या सहा स्लायडरना हातच लावलेला नाही. सहा हजार हर्ट्झपासून पुढे मात्र ७.२ डेसिबल उतरवलेत आणि शेवटच्या स्लायडरला ९.६. म्हणजे हा प्रीसेट वरची बाजू दाबतो, दुसरं काहीच करत नाही. आता तंबोऱ्याची जवारी बोलते ती वरच्या स्वरांशांत. तबल्याच्या किनारीवरचा स्वच्छ ‘ना’ही तिथूनच धार घेतो. ती बाजू दाबली की तंबोरा घोंगडीखालून वाजल्यासारखा येतो, आणि श्रोता रेकॉर्डिंगला नावं ठेवतो.

‘रॉक’चं उलट आहे. तो दोन्ही टोकं चढवतो आणि ६०० हर्ट्झला तब्बल ८ डेसिबल खाली खेचतो. गिटार-ड्रमच्या गाण्याला त्याने मजा येते, नाकारत नाही. पण गाणाऱ्याच्या आवाजाचा गाभा त्याच मधल्या पट्ट्यात असतो, त्यामुळे गायक साथीदारांच्या मागे जाऊन बसतो. ख्याल ऐकायचा तर माझं मत सरळ आहे : फ्लॅटपासून, म्हणजे सगळे स्लायडर शून्यावर ठेवून, सुरुवात करा.

गैरसमज : ‘लार्ज हॉल’ हा प्रीसेट लावला की सभागृहात बसल्यासारखं वाटतं.

सभागृहाचा भास होतो भिंतींवरून उशिराने परतणाऱ्या आवाजामुळे. इक्वलायझर आवाज चढवतो-उतरवतो, उशीर करत नाही. त्यासाठी रिव्हर्ब नावाची वेगळी सोय असते. विषय संपला.

गैरसमज : रेकॉर्डिंगमध्ये जे ऐकू येत नाही, ते स्लायडर वर नेला की सापडतं.

जुन्या नाट्यगीतांच्या बाबतीत हा मोह फार होतो. १९२५च्या आसपास विजेवर चालणारा मायक्रोफोन येईपर्यंत गायक एका कर्ण्यासमोर गात आणि त्या आवाजानेच तबकडी कोरली जाई. त्या पद्धतीत वरचे बारीक स्वरांश तबकडीवर पोचतच नसत. अशा गाण्याला १२ हजार हर्ट्झचा स्लायडर चढवला तर वाढते ती फक्त सुईची खरखर. तिथे वरची बाजू उतरवणंच शहाणपणाचं. कमी बिटरेटच्या एमपी३ फाइलचंही तसंच : जागा वाचवताना जे कापून टाकलं, ते परत येत नाही. आणि मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरकडून ६० हर्ट्झचा डग्गा मागू नका. तो वाजणार नाहीच, उलट स्पीकरवर ताण येईल.

गैरसमज : आवाज फाटला तर इयरफोन खराब आहे.

असेलही. पण आधी प्रीअँप नावाचा वेगळा स्लायडर बघा, त्याकडे कुणाचं लक्षच नसतं. डिजिटल आवाजाला वर पक्कं छत असतं आणि आजकालची चित्रपटगीतं त्या छताला टेकूनच तयार होतात. सहा डेसिबल चढवणं म्हणजे लहरीची उंची दुप्पट करणं; छताला टेकलेल्या लहरीला ती जागाच नसते, तिचा माथा कापला जातो आणि आवाज फाटतो. उपाय सोपा आहे : सगळ्यात वर नेलेला स्लायडर जितके डेसिबल चढवलाय, तितके डेसिबल प्रीअँप खाली घ्या. त्याहून बरं म्हणजे हवं ते चढवण्याऐवजी नको ते उतरवा.

यात आणखी एक फसगत असते. मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. त्यामुळे कुठलाही चढवलेला प्रीसेट फ्लॅटपेक्षा भारी भासतो. तुलना करायची तर दोन्हींचा आवाज सारखा करून करा. मात्र हळू आवाजात खर्ज कमी ऐकू येतो, हे खरं आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली ते मोजून दाखवलं. रात्री घरचे झोपल्यावर ऐकताना बास थोडा चढवला तर त्यात गैर काही नाही.

शुद्धतावाद्यांचाही एक गैरसमज आहे : इक्वलायझर म्हणजे मूळ आवाजात भेसळ. ही मंडळी बहुधा एलपीची भक्त असतात. गंमत अशी की एलपी कोरतानाच खर्ज दाबलेला आणि वरची बाजू चढवलेली असते. वाजवताना अँप्लिफायर ते बरोबर उलटं करतो, २० हर्ट्झला जवळजवळ २० डेसिबल चढवून. हा आरआयएए वक्र १९५४ पासून प्रमाण मानला जातो. इक्वलायझेशनशिवाय एलपी ऐकताच येत नाही.

शिवाय कुठलाही हेडफोन स्वतः सपाट नसतो. कुणाचा बास फुगलेला, कुणाचा ‘स’ कानाला टोचणारा. इक्वलायझरचं खरं काम हे दोष झाकणं. म्हणून प्रीसेटला गाण्याच्या प्रकाराचं नाव देऊ नका, यंत्राचं द्या : ‘काळा इयरफोन’, ‘हॉलमधले स्पीकर’. विनॅम्प किंवा फूबार २००० मध्ये असे स्वतःचे प्रीसेट जतन करता येतात. चांगलं ओळखीचं गाणं लावा, खटकतं ते शोधा, तो स्लायडर दोन-तीन डेसिबल उतरवा आणि थांबा. इयरफोनचं ॲप, फोनची सेटिंग आणि प्लेअर या तिन्हींपैकी एकाच ठिकाणी इक्वलायझर सुरू ठेवा, नाहीतर तिघांची बेरीज होते.

आणि धास्ती बाळगू नका. प्लेअरमधला इक्वलायझर ऐकताना मूळ फाइलला हात लावत नाही. बिघडलंच काही, तर फ्लॅट दाबा.