मिनी ड्राफ्टर

मिनी ड्राफ्टर हे हाताने अभियांत्रिकी आरेखन करण्यासाठी वापरले जाणारे बहुउपयोगी साधन आहे. टी-स्क्वेअर, गुण्यांची जोडी, कोनमापक आणि मोजपट्टी या साधनांची कामे या एकाच उपकरणाने करता येतात. भारतात अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने येथील विद्यार्थी ते वापरतात. कागदावर कोठेही नेले तरी त्याच्या पट्ट्यांची दिशा बदलत नाही, हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य होय. सरळ बाजूंच्या भौमितिक आकृत्या काढताना याच गुणाचा उपयोग होतो. वर्तुळे आणि इतर वक्ररेषा काढण्यासाठी मात्र कंपास व फ्रेंच कर्व्ह यांची जोड लागते.

== रचना ==
मिनी ड्राफ्टरचे तीन मुख्य भाग असतात. पहिला भाग म्हणजे ड्रॉइंग बोर्डाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायचा क्लॅम्प. दुसरा भाग म्हणजे धातूच्या सळ्यांच्या दोन जोड्या; या जोड्या मध्यभागी एका चकतीने किंवा पट्टीने सांधलेल्या असतात. तिसरा भाग म्हणजे अंशांच्या खुणा असलेले कोनमापक आणि त्याला जोडलेल्या, परस्परांशी काटकोन करणाऱ्या दोन पारदर्शक मोजपट्ट्या. या पट्ट्यांवर मिलिमीटरच्या खुणा असतात. कोनमापकाजवळची कळ सैल करून पट्ट्या हव्या त्या कोनात फिरवता येतात व तेथेच पक्क्या करता येतात.

== कार्यतत्त्व ==
सळ्यांची प्रत्येक जोडी आपल्या दोन टोकांच्या जोडांसह समांतरभुज चौकोन बनवते. अशा चौकोनाच्या संमुख बाजू समान लांबीच्या असतात. त्यामुळे चौकोन कितीही तिरपा झाला तरी त्या समांतरच राहतात. पहिल्या चौकोनाची एक बाजू क्लॅम्पमुळे स्थिर असते, म्हणून तिच्या समोरच्या बाजूची, म्हणजे मधल्या चकतीची, दिशाही स्थिर राहते. दुसरा चौकोन हीच दिशा पुढे मोजपट्ट्यांपर्यंत पोहोचवतो. एकच चौकोन असता तर पट्ट्या केवळ एका वर्तुळकंसावर फिरल्या असत्या. दोन चौकोनांमुळे त्या सळ्यांच्या आवाक्यातील कोणत्याही बिंदूपर्यंत नेता येतात.

== इतिहास ==
समांतरभुज जोडणीवर आधारलेले आरेखन यंत्र अमेरिकेतील चार्ल्स एच. लिटल यांनी १९०१ च्या सुमारास तयार केले. मिनी ड्राफ्टर हे अशाच यंत्राचे लहान आणि सहज नेता येण्याजोगे रूप आहे. १९६३ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी स्केचपॅड ही संगणकीय आरेखन प्रणाली सादर केली आणि १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आले. त्यानंतर उद्योगांतील हाताचे आरेखन क्रमाने मागे पडले. शिक्षणात मात्र प्रक्षेप व भौमितिक रचना समजून घेण्यासाठी त्याचा उपयोग होत राहिला.

== मांडणी आणि तपासणी ==
कागद बोर्डावर चिकटपट्टीने किंवा क्लिपांनी पक्का केला जातो. क्लॅम्प सामान्यतः बोर्डाच्या डाव्या वरच्या कोपऱ्याजवळ बसवतात. कोनमापक शून्यावर ठेवून आडवी पट्टी कागदाच्या कडेशी जुळवली जाते आणि मगच क्लॅम्प आवळला जातो. काम चालू असताना क्लॅम्प सरकल्यास त्यापुढच्या सर्व रेषांची दिशा बदलते.

दोन पट्ट्यांमधील काटकोन तपासण्यासाठी आडव्या पट्टीने ६० मिमी आणि त्याच बिंदूतून उभ्या पट्टीने ८० मिमी लांबीची रेषा काढतात. पायथागोरसच्या प्रमेयानुसार त्यांच्या मोकळ्या टोकांमधील अंतर १०० मिमी भरले पाहिजे.

== भौमितिक आकृत्या ==
=== सुसम षटकोन ===
यासाठी आडवी, ६० अंशांची व १२० अंशांची अशा तीनच दिशा लागतात, कारण षटकोनाच्या संमुख बाजू समांतर असतात. बाजू ४० मिमी असल्यास संमुख शिरोबिंदूंमधील अंतर ८० मिमी आणि संमुख बाजूंमधील अंतर सुमारे ६९.३ मिमी येते. आकृतीची अचूकता या मापांवरून पडताळता येते.

=== सुसम पंचकोन ===
आडव्या पायाच्या दोन्ही टोकांतून, बाहेरच्या बाजूला झुकणाऱ्या आणि आडव्या दिशेशी ७२ अंशांचा कोन करणाऱ्या रेषा पायाइतक्याच लांबीच्या काढतात. त्यांच्या वरच्या टोकांतून आत वळणाऱ्या, आडव्या दिशेशी ३६ अंशांचा कोन करणाऱ्या रेषा पायाच्या मध्यबिंदूच्या बरोबर वर एकमेकींना छेदतात.

=== सुसम सप्तकोन ===
केवळ कंपास आणि खुणा नसलेली पट्टी वापरून सुसम सप्तकोन काढता येत नाही. अशा रचना कोणत्या बहुभुजांसाठी अशक्य आहेत, हे प्येर वांत्झेल यांनी १८३७ मध्ये सिद्ध केले. मिनी ड्राफ्टरने मोजमापाच्या आधारे त्याची जवळपास अचूक आकृती काढता येते. सप्तकोनाचा बाह्यकोन ३६० भागिले ७, म्हणजे सुमारे ५१.४३ अंश असतो. प्रत्येक शिरोबिंदूपाशी मागील बाजूपासून ५१ अंश मोजत गेल्यास चूक साठत जाते आणि ४० मिमी बाजूच्या आकृतीत शेवटी सुमारे २.४ मिमी फट राहते. त्याऐवजी प्रत्येक बाजूची दिशा मूळ आडव्या रेषेपासून मोजून ५१, १०३, १५४, २०६, २५७ आणि ३०९ अंश अशी घेतल्यास ही फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी होते. १८० अंशांहून मोठ्या दिशेसाठी तिच्यातून १८० वजा करून पट्टी लावतात व रेषा उलट बाजूस काढतात. ड्राफ्टरचा शून्य अंश कागदभर कायम राहत असल्याने ही दुसरी पद्धत त्यावर सहज वापरता येते.

=== लंबवर्तुळ ===
लंबवर्तुळाच्या दोन अक्षांइतक्या व्यासांची एककेंद्री वर्तुळे कंपासने काढून केंद्रातून ३० अंशांच्या अंतराने त्रिज्या काढतात. दीर्घ अक्ष आडवा असल्यास प्रत्येक त्रिज्येच्या बाहेरील वर्तुळावरील छेदबिंदूतून उभी आणि आतील वर्तुळावरील छेदबिंदूतून आडवी रेषा काढली जाते. या दोन रेषा लंबवर्तुळावरील बिंदूत मिळतात. असे सर्व बिंदू फ्रेंच कर्व्हने जोडतात.

== मर्यादा ==
दिशेत एका अंशाची चूक झाल्यास १०० मिमी लांबीच्या रेषेचे टोक सुमारे १.७ मिमी सरकते. सांधे ढिले झाल्यास पट्ट्या किंचित डुलतात व समांतर रेषा समांतर राहत नाहीत. शिवाय ड्राफ्टर दिशा टिकवतो, लांबी नव्हे. प्रत्येक बाजूची लांबी स्वतंत्रपणे मोजावी लागते आणि तीमधील चुका पुढच्या शिरोबिंदूंकडे जातात. म्हणून पूर्ण झालेली आकृती कर्ण, संमुख बाजूंमधील अंतर किंवा शेवटचा मिलनबिंदू यांच्या आधारे तपासणे आवश्यक असते.

== हेही पाहा ==
* कंपास
* कोनमापक
* समांतरभुज चौकोन
* सुसम बहुभुज