व्हिस्कीविषयक नियतकालिके आणि मुंबईचा दारूबंदी कायदा

हिंदमाता, परळ, लालबाग या गिरणगावातील मद्यपानगृहांवर आजही ‘परमिट रूम’ अशी पाटी आढळते. मद्यपानासाठी परवाना आवश्यक मानणाऱ्या १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाची ती खूण होय. या अधिनियमाने पिण्याबरोबरच मद्याविषयी लिहिण्यावरही बंधन घातले होते, याचे स्मरण मात्र क्वचितच राहिले आहे.

व्हिस्कीच्या रसिकांसाठी निघणारे नियतकालिक हे स्वरूपतः समीक्षेचे नियतकालिक असते. रंग, गंध, चव आणि घोट घेतल्यानंतर जिभेवर रेंगाळणारा स्वाद यांचे वर्णन करून गुण दिले जातात. ब्रिटनचे ‘व्हिस्की मॅगझिन’ आणि अमेरिकेचे ‘माल्ट ॲडव्होकेट’ (पुढे ‘व्हिस्की ॲडव्होकेट’) ही त्याची ठळक उदाहरणे. बंगळूरच्या ‘अमृत फ्यूजन’ला ‘माल्ट ॲडव्होकेट’ने २०१० मध्ये गौरविले होते.

असे लेखन १९४९ च्या मुंबईत छापणे गुन्हा ठरले असते. कलम २४ अन्वये मादक पेयाची प्रशंसा करणारा, त्याच्या सेवनास आवाहन करणारा अथवा ते देऊ करणारा मजकूर छापण्यास मनाई होती. कलम २३ ने तोंडी प्रशंसाही निषिद्ध केली. गंमत अशी, की प्रांताबाहेर छापलेल्या प्रकाशनांना कलम २४ मधून सूट होती. शासनाने अधिसूचनेद्वारे बंदी घातली तरच ती संपे. म्हणजे लंडनच्या नियतकालिकातील स्कॉचची स्तुती येथे वाचता येई, पण तीच मराठीत गिरगावातील छापखान्यात छापता येत नसे.

मुंबईचे नागरिक एफ. एन. बलसारा यांनी या अधिनियमास आव्हान दिले. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अधिनियमाचा बहुतांश भाग कायम ठेवला. मात्र ‘प्रशंसा’ करण्यावरील बंदी भाषणस्वातंत्र्याशी विसंगत म्हणून रद्दबातल ठरविली. आवाहन करणे व देऊ करणे यांवरील मनाई टिकून राहिली.

परिणामी समीक्षा मोकळी झाली, पण तिचा आर्थिक आधार मोकळा झाला नाही. अशी नियतकालिके मद्योत्पादकांच्या जाहिरातींवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेचे निकष मद्याच्या प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरातीस अनुकूल नाहीत. शिवाय समीक्षकाने दिलेले गुण उत्पादकाने आपल्या जाहिरातीत उद्धृत केले, की तेच वाक्य प्रशंसेच्या कक्षेतून आवाहनाच्या कक्षेत जाते. खरी अडचण येथेच आहे.