वळसा : पश्चिम आफ्रिकेच्या पाण्याची पंधरा वर्षं

कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी ‘म्हादेई’ ही शिडाची नौका घेऊन मुंबईहून एकटे निघाले, तेव्हा आफ्रिकेच्या पाण्यात धास्ती होती ती पूर्व बाजूची. ते समुद्रात असतानाच, ऑक्टोबरात, सेशेल्सजवळ एका ब्रिटिश दांपत्याला सोमाली चाच्यांनी त्यांच्या शिडाच्या बोटीवरून उचललं आणि वर्षभराहून अधिक काळ डांबून ठेवलं. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली ५६ फुटी म्हादेई केपटाऊनमार्गे मे २०१० मध्ये सुखरूप परतली. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे दोंदे पहिले भारतीय ठरले.

पुढच्या दशकात चाचेगिरीचा जोर पश्चिमेला, गिनीच्या आखाताकडे सरकला. इथली रीत वेगळी. सोमाली टोळ्या अख्खं जहाज धरून बसत. नायजर नदीच्या मुखाकडच्या टोळ्या फक्त माणसं उचलून खाडीतल्या जंगलात नेतात. डिसेंबर २०१९ मध्ये ‘नेव्ह कॉन्स्टेलेशन’ या तेलवाहू जहाजावरून १८ भारतीय पळवले गेले. त्याच महिन्यात ‘ड्यूक’वरून २०. या विसांपैकी एक जण कैदेतच वारला. २०२० मध्ये जगभरात जहाजांवरून पळवलेल्या १३५ जणांपैकी १३० या एकाच आखातातले होते. मार्च २०२१ मध्ये ‘दाविदे बी’ या जहाजावर हल्ला झाला तो किनाऱ्यापासून २१२ सागरी मैलांवर.

शिडाच्या नौका यातून बहुतांशी वाचल्या, त्याचं बरंचसं श्रेय वाऱ्याला. आखातात वारा पडतो, मध्येच वादळी सरी झोडपतात आणि गिनी प्रवाह बोटीला पूर्वेकडे, आत ओढत नेतो. म्हणून युरोपातून येणारा शिडवाला कॅनरी, केप व्हर्दे करत ब्राझीलच्या दिशेने मोठा वळसा घेतो आणि दक्षिणेचे पश्चिमी वारे पकडून केपटाऊनकडे वळतो. वास्को द गामानेही १४९७ मध्ये असाच वळसा घेतला होता. सेनेगल-गांबियाच्या किनाऱ्याने रमतगमत जाणाऱ्यांना चाच्यांपेक्षा जास्त जपावं लागतं ते रात्री दिवा न लावता फिरणाऱ्या मासेमारी होड्यांना, त्यांच्या जाळ्यांना आणि हिवाळ्यात सहाराची धूळ आणणाऱ्या हरमॅटन वाऱ्याला.

२०२२-२३ च्या मोसमात या समुद्राची दोन्ही रूपं एकदम दिसली. अभिलाष टॉमी ‘गोल्डन ग्लोब’ या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत हाच वळसा घेत एकटे गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. भारतीय नौदलाची शिडाची नौका ‘तारिणी’ गोव्याहून केपटाऊनला गेली, तिथून रिओची शर्यत करून मे महिन्यात घरी पोचली. त्याच काळात ‘हिरोइक इदुन’ या तेलवाहू जहाजावरचे १६ भारतीय अडकून पडले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये नायजेरियाच्या तेलक्षेत्राजवळ रात्री एक नौका जवळ येताना पाहून, चाचे समजून त्यांनी जहाजासह पळ काढला. ती नायजेरियाच्या नौदलाची निघाली. आधी इक्वेटोरियल गिनीने पकडलं, मग नायजेरियाच्या ताब्यात दिलं. सुटका झाली मे २०२३ च्या अखेरीस.

दरम्यान नायजेरियाने २०१९ मध्ये चाचेगिरीविरोधी कायदा केला, गस्त वाढवली. आखातातल्या घटना २०२० मधल्या ८१ वरून २०२४ मध्ये १८ वर आल्या. तरीही मार्च २०२५ मध्ये साओ टोमेजवळ ‘बिटू रिव्हर’ या जहाजावरून दहा जण उचलले गेले. त्यांत सात भारतीय होते.

या पंधरा वर्षांत शिडाच्या नौकेसाठी सगळ्यात खात्रीचा उपाय ठरला तो धोक्याच्या पाण्यात न शिरण्याचा. पण आखातातल्या बंदरात तेल भरायला जाणाऱ्या खलाशाला वळसा घेता येत नाही. त्याचं काम तिथेच आहे. त्यामुळे हा समुद्र किती सुरक्षित झाला, हे तिथून दूर राहू शकणाऱ्या नौकांवरून ठरवता येणार नाही. तिथे जाणं ज्याला टळत नाही, त्याच्यावरूनच ते ठरवावं लागेल.