आजारपणात गेलेले वर्ष आणि कॉलेजचा अर्ज

बारावीचे निकाल लागले की आम्हा डॉक्टरांच्या दवाखान्यात वेगळी गर्दी सुरू होते. ताप-खोकल्याचे रुग्ण असतातच. पण त्यांच्या जोडीला हातात फाईल धरलेली मुले आणि त्यांचे पालक येतात. कुणाला फिटनेस सर्टिफिकेट हवे असते, कुणाला आजारपणाचा दाखला. त्या फाईलवाल्यांत एखाददुसरा मुलगा असा असतो, की ज्याचे एक वर्ष गेलेले असते आणि ते का गेले हे सांगताना त्याचे आईवडील आवाज खाली आणतात. टायफॉईडने वर्ष गेले असेल तर आवाज खाली येत नाही. नैराश्याने गेले असेल तर येतो. आज या मुलांविषयी लिहावयाचे आहे.

वर्ष का जाते?

नैराश्य म्हणजे नुसती उदासी नव्हे. पेपर अवघड गेला, मैत्रीत बिनसले, तर चार दिवस मन लागत नाही आणि नंतर गाडी रुळावर येते. नैराश्यात मात्र किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न राहते किंवा कशातच गोडी वाटत नाही. त्याच्या जोडीला झोप बिघडते, भूक कमी-जास्त होते, अंगात त्राण राहत नाही, स्वतःबद्दल अपराधी वाटू लागते आणि मरणाचे विचार येतात. किशोरवयात हा आजार पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने दिसतो. मुलगा रडत नाही. तो खेकसतो, दार लावून बसतो, आंघोळीची टाळाटाळ करतो. घरच्यांना तो उर्मट झाला असे वाटते.

अभ्यासाच्या दृष्टीने यातले सर्वांत मोठे नुकसान एकाग्रतेचे. मुलगा पुस्तक उघडून तीन तास बसतो आणि पानावरचे एक वाक्य त्याला पाच वेळा वाचावे लागते. वाचलेले राहत नाही. साधा निर्णय, म्हणजे आधी गणित करावे की रसायनशास्त्र, हाही जड होतो. हा आळस नव्हे, हे आजाराचे लक्षण आहे. जो मुलगा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाला तो दोन वर्षांत एकाएकी आळशी होत नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

असा मुलगा दवाखान्यात आला की आम्ही आधी रक्त तपासतो. रक्तक्षय, थायरॉईडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही थकवा आणि मरगळ येते. ते नसेल, किंवा त्याच्या जोडीला नैराश्यही असेल, तर समुपदेशन आणि गरजेप्रमाणे औषधे असा उपचार असतो. गोळ्यांचा गुण दिसू लागायला दोन ते चार आठवडे जातात, पुरता गुण यायला आणखी काही. बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. त्यांचे व्यसन लागत नाही. पण मनानेच एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी, झोपमोड असा त्रास होतो. तरुण मुलांत औषध सुरू केल्यावर पहिले काही आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावयाचे असते. अस्वस्थपणा किंवा मरणाची भाषा वाढली तर लगेच डॉक्टरांना कळवावे.

आता हिशेब करा. दिवाळीच्या सुमारास आजार सुरू झाला, तो ओळखायला महिना-दीड महिना गेला, उपचाराचा गुण यायला तितकाच काळ गेला. तोवर फेब्रुवारीची परीक्षा दारात आलेली असते. अशा वेळी वर्ष सोडणे हा पुष्कळदा शहाणपणाचाच निर्णय असतो.

कावीळ नको, खरेच लिहू

गेल्या काही वर्षांतले एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. शेतकरी कुटुंबातला मुलगा, बारावी विज्ञानला होता. परीक्षेला बसला नाही. वर्षभर उपचार घेतले, पुढच्या वर्षी बसला आणि बऱ्या गुणांनी पास झाला. अर्ज भरायच्या वेळी वडील त्याला घेऊन आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सर्टिफिकेटवर कावीळ लिहा. पोराच्या जन्माचा प्रश्न आहे."

मी त्यांना बसवून घेतले. म्हटले, "भाऊ, खोटा दाखला मला देता येत नाही." वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेत तो गैरवर्तनाचा प्रकार आहे. पण कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी त्यात मुलाचे नुकसानच होते. उद्या वसतिगृहात त्याला त्रास झाला, तर तिथला डॉक्टर जुने कागद बघून यकृत तपासत बसेल आणि खरा आजार बाजूला राहील. एवढा वेळ गप्प बसलेला मुलगाच मग म्हणाला, "बाबा, मला कावीळ झालीच नव्हती."

यातून सरळ मार्ग आहे, आणि तो बऱ्याच पालकांना ठाऊक नसतो. दाखल्यावर खोटे लिहायचे नाही, पण सगळेच लिहिले पाहिजे असेही नाही. "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हा विद्यार्थी वैद्यकीय उपचारांखाली होता, त्या काळात परीक्षेला बसण्यास असमर्थ होता, आता शिक्षण पुढे चालू ठेवण्यास योग्य आहे," एवढा मजकूर खरा आहे आणि बहुतेक ठिकाणी पुरतो. आजाराचे नाव घालायचे की नाही हे रुग्णाच्या संमतीने ठरते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू झाला आहे आणि त्याच्या २३ व्या कलमाने मानसिक आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. मी त्या मुलाला असाच दाखला दिला. त्याला प्रवेश मिळाला. आज तो दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी एक विषय राहिला होता, तो त्याने पुढच्या परीक्षेत काढला.

अर्जात काय विचारतात?

पहिली गोष्ट म्हणजे, वर्ष गेल्याची भीती वाटते तेवढी प्रवेशाच्या नियमांत नसते. आपल्या राज्यात अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राची गुणवत्ता यादी मुख्यतः सीईटीच्या परसेंटाइलवर लागते. त्यात एक वर्ष गेले म्हणून वजाबाकी होत नाही. मात्र सीईटीचे गुण त्या-त्या वर्षापुरतेच चालतात, म्हणून ती परीक्षा प्रवेशाच्या वर्षी द्यावी लागते. वैद्यकीयच्या 'नीट' परीक्षेला वयाची वरची मर्यादा २०२२ पासून नाही आणि किती वेळा बसावे यालाही बंधन नाही.

अपवाद आय.आय.टी.चा. 'जेईई मेन'ला बारावी पास होण्याचे वर्ष आणि त्यापुढची दोन वर्षे धरतात. 'जेईई ॲडव्हान्स्ड'ला मात्र लागोपाठच्या दोनच वर्षांत दोनदाच बसता येते, आणि ही मोजणी बारावीला पहिल्यांदा बसल्यापासून होते. म्हणजे आजारी अवस्थेत कसाबसा पेपर देऊन नापास झालेल्या मुलाचे एक वर्ष तिथे खर्ची पडते. परीक्षेला न बसलेल्याचे पडत नाही. ज्यांना त्या वाटेने जावयाचे आहे त्यांनी परीक्षेला बसायचे की नाही हे ठरवतानाच याचा विचार करावा, आणि त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

दुसरी गोष्ट कागदांची. बारावी पास झाल्यावर मध्ये वर्ष गेले असेल तर महाविद्यालये खंडाचे प्रतिज्ञापत्र, म्हणजे ज्याला सगळे गॅप सर्टिफिकेट म्हणतात ते, मागतात. त्यात खंडाचे कारण थोडक्यात, आणि मधल्या काळात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता, एवढे लिहिलेले असते. कारणाच्या जागी "वैद्यकीय कारणास्तव" हे शब्द पुरतात. जो मुलगा त्याच कॉलेजात पुन्हा बारावीला बसला, त्याच्या बाबतीत कॉलेजचा दाखला आणि गुणपत्रिका यांवरूनच सगळे कळते. तरीही प्रवेश घ्यावयाच्या कॉलेजच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे. शेवटच्या दिवशी धावपळ नको. दाखला, गुणपत्रिका, प्रतिज्ञापत्र आणि डॉक्टरांचे पत्र यांच्या दोन-दोन प्रती काढून ठेवाव्यात.

तिसरी गोष्ट तोंडी उत्तराची. मुलाखतीत किंवा प्रवेशाच्या टेबलावर कुणी विचारले, "मधले वर्ष काय केले?" तर मुलाने गोंधळू नये. घरी आधी म्हणून पाहावे: "त्या वर्षी मी आजारी होतो, उपचार घेतले. बरा झाल्यावर पुन्हा तयारी केली आणि पास झालो." एवढे पुरे. ते खरे आहे, आणि पुढे कुठेही ते बदलावे लागणार नाही. वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मवर मानसिक आजाराबद्दल थेट प्रश्न असेल तर तिथे मात्र खोटे 'नाही' लिहू नये. उपचार घेतल्याचे लिहून सोबत डॉक्टरांचे पत्र जोडावे. आजार आटोक्यात असलेल्या मुलाला, त्याच्या गोळ्या चालू असल्या तरी, मी फिट लिहितो.

मुलगा तयार आहे का?

फॉर्म भरायची तारीख सरकार ठरवते, मनाच्या तब्येतीची तारीख सरकार ठरवत नाही. म्हणून मी पालकांना चार गोष्टी पाहायला सांगतो. मुलाची झोप वेळेवर आणि पुरेशी होते का? तो पाऊण तास सलग वाचून त्यातले चार मुद्दे सांगू शकतो का? मित्रांत स्वतःहून जातो का? पुढच्या महिन्याविषयी काही बोलतो का? चारही उत्तरे 'हो' असतील आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचीही संमती असेल तर अर्ज जरूर करावा. नसतील तर घाई करू नये. अभ्यासाला पुन्हा लावतानाही वीस मिनिटांपासून सुरुवात करावी आणि आठवड्या-आठवड्याने वाढवीत जावे. पूर्वी टायफॉईडमधून उठलेल्या मुलाला घरातली मोठी माणसे आधी पेज, मग मऊ भात, मग भाकरी असे चढवीत नेत. तोच क्रम इथे आहे.

कॉलेज निवडताना नुसते नाव पाहू नये. ते घरापासून किती लांब आहे, जवळपास मानसोपचारतज्ज्ञ आहे का, तिथे समुपदेशक आहे का, हेही विचारावे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावयाचा आहे. तेव्हा हा प्रश्न विचारण्यात संकोच नको. बाहेरगावी जाणार असेल तर औषधांची चिठ्ठी, तिथल्या डॉक्टरांसाठी पत्र आणि महिनाभराच्या गोळ्या बरोबर द्याव्यात. नवीन गाव, नवीन माणसे, मेसचे जेवण आणि रात्रीची जागरणे यांमुळे पहिले सहा महिने जपण्याचे असतात. झोप उडणे, फोन न उचलणे, तासांना दांड्या मारणे ही आजार उलटण्याची पहिली चिन्हे असू शकतात. ती दिसली की रागावून फोन करण्यापेक्षा जाऊन भेटावे.

घरच्यांसाठी

"वर्ष वाया गेले" हे शब्द घरात बंद करावेत. त्या वर्षात मुलगा आजारातून बरा झाला, हे काही लहान काम नव्हे. धाकटे भावंड आता त्याच वर्गात आले असेल तर दोघांची तुलना मुळीच करू नये. नातेवाइकांना "तब्येत बरी नव्हती, आता ठीक आहे" एवढेच सांगावे. जास्त खुलासा देण्याचे कारण नाही.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. निकालाचे आणि प्रवेश यादीचे दिवस या मुलांना कठीण जातात. मनात जिवाचे काही बरेवाईट करण्याचे विचार येतात का, असे सरळ आणि शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात येत नाही. उलट मन मोकळे होते. घरातले फवारणीचे औषध, उंदराचे औषध आणि झोपेच्या गोळ्या कुलुपात ठेवाव्यात. मुलगा असे काही बोलला तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात आणावे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. 'टेलिमानस' ही केंद्र सरकारची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. हा क्रमांक घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्यावा.

कॉलेजात गेल्यावर वर्गातली मुले वर्षाने लहान आहेत हे या मुलांना पहिले काही आठवडे टोचते. पुढे ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. तेवढे आठवडे घरच्यांनी धीर धरावा आणि गोळ्या वेळेवर चालू आहेत ना, हे प्रेमाने विचारीत राहावे.