पंचनाम्यापासून बँकखात्यापर्यंत : आपद्ग्रस्त शेतकऱ्यांना मिळणारी शासकीय मदत

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने मराठवाड्यातील उभे सोयाबीन व कापूस पाण्याखाली गेले, कित्येक गोठे रिकामे झाले. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. परंतु एवढा आकडा ऐकूनही ‘माझ्या हाती किती पडणार?’ हा शेतकऱ्याचा प्रश्न सुटत नाही. म्हणून या मदतीची रीत समजावून सांगणे आम्हाला अगत्याचे वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. आपण जिला नुकसानभरपाई म्हणतो, ते शासनाच्या लेखी पिकापुरते ‘निविष्ठा अनुदान’ आहे. गेलेल्या पिकाची ती किंमत नव्हे. पुढील हंगामाचे बियाणे व खत घेण्यास दिलेला तो हातभार होय. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ही रक्कम दिली जाते. महाराष्ट्रात या निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के व राज्याचा २५ टक्के असतो. पीकविमा ही याहून वेगळी योजना आहे.

२०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांनुसार पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान आवश्यक होते; २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. दर हेक्टरी कोरडवाहू पिकास ८,५०० रुपये, बागायती पिकास १७,००० व बहुवार्षिक पिकास २२,५०० रुपये, आणि मर्यादा २ हेक्टरांची. म्हणजे कोरडवाहू एकरामागे सुमारे ३,४०० रुपये. २०२५ च्या पॅकेजमध्ये राज्याने ही मर्यादा ३ हेक्टर केली व रब्बीसाठी हेक्टरी १०,००० रुपयांची भर घातली. दुधाळ गाय वा म्हैस दगावल्यास ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलास ३२,०००, तर शेळी वा मेंढीस ४,००० रुपये असा दर होता.

हे पैसे मिळण्याचा मार्ग पंचनाम्यातून जातो. तलाठी, कृषी सहाय्यक व ग्रामसेवक (आता या तिघांची पदनामे बदलली असली तरी गाव त्यांना याच नावांनी ओळखते) बांधावर येऊन नोंद करतात. त्यावरून तहसील कार्यालयात याद्या बनतात आणि रक्कम आधारशी जोडलेल्या बँकखात्यात जमा होते. दगावलेल्या जनावरासाठी पशुवैद्यकाचा दाखला लागतो. म्हणून तपासणीपूर्वी ते पुरू नये.

येथेच खरी अडचण उद्भवते. मदत सातबाऱ्यावरील नावाला मिळते. घाम कोणी गाळला हे कागद सांगत नाही. बटाईने शेती करणाऱ्याचे पीक वाहून जाते आणि अनुदान जमीनमालकाच्या खात्यात पोहोचते. पतीच्या निधनानंतर वारसनोंद न झालेली विधवा वर्षानुवर्षे तीच जमीन कसते, तरी यादीत तिचे नाव नसते. शासनाने कसणाऱ्याची नोंद घेण्याची वाट काढावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोवर जमीनमालकांनी आलेल्या रकमेतील न्याय्य वाटा बटाईदारास आपणहून द्यावा.

धर्मग्रामातील सुशिक्षित तरुणांना आमची एक विनंती आहे. पावसाळ्यापूर्वी शेजारच्या प्रत्येक शेतकरी कुटुंबाचा सातबारा, वारसनोंद व आधारजोडणी तपासून द्यावी आणि पेरणीनंतर ई-पीक पाहणी करून द्यावी. पूर ओसरल्यावर ही कामे करू गेल्यास बहुधा उशीर झालेला असतो.